आठवी ‘ब’मधला मे महिना

सोलापुरात, भर मे महिन्यात, नोकरीच्या पहिल्याच दिवशी, दुपारचं जेवण झाल्यावर साहेब म्हणाले, “इंजिनिअरबाई, चपला काढा, त्या भिंतीला पाठ लावून खाली बसा आणि मी सांगेपर्यंत एक अक्षर बोलू नका,” तर तुम्ही काय कराल? मी मनातल्या मनात नोकरी सोडून मोकळी झाले होते. टेंभुर्णीहून सकाळची एसटी पकडून, नवा ड्रेस घालून, डिप्लोमाची फाईल छातीशी धरून मी आलेले, आणि हा माणूस मला रिकाम्या शाळेच्या धुळीत बसवतोय! बरं, स्वतः समोरच्या भिंतीला टेकले, डोळे मिटले आणि थोड्या वेळात चक्क झोपले. माझा स्वभाव आधीच तापट. घरी म्हणतात, हिच्या डोक्यावरच एक एसी बसवा. पण करते काय? बसले.

जाग आल्यावर त्यांनी पहिला प्रश्न विचारला, “घाम आला?”

“नाही,” मी फणकाऱ्याने म्हणाले. आणि बोलून गेल्यावर लक्षात आलं, खरंच आला नव्हता. बाहेर रस्त्यावरचं डांबर मऊ पडलं होतं, कुत्री गटारात जाऊन बसली होती, आणि मी पंखा नसलेल्या खोलीत इतका वेळ बसूनही कोरडी ठाक होते.

“मग झालं तर,” ते म्हणाले. “आपल्याला हेच करायचंय. उद्यापासून या.”

ते म्हणजे आमचे सर. शाळेचे सर नव्हेत, आर्किटेक्ट. सत्तरीला टेकलेले, वाळकुडे, उंच, अंगात पूर्ण बाह्यांचा पांढरा शर्ट आणि डोक्यावर ओला पंचा. पंचा सुकला की कुठल्याही नळाखाली धरायचे, मग तो नळ बँकेतला असो की कुणाच्या लग्नातला. माणूस सोलापूरच्या पूर्व भागातला, घरात तेलुगू बोलणारा, वडील मागावर चादरी विणणारे. राग आला की मराठी थांबायची आणि तेलुगू सुरू व्हायची. मला तेलुगूचा गंध नाही, त्यामुळे आमची भांडणं निम्म्यावरच मिटायची. आता सर नाहीत. पण मे महिना आला की शहरातल्या किमान दहा जणांना तरी त्यांची आठवण होत असेल, आणि त्यातल्या नऊ जणांचं त्यांच्याशी भांडण झालेलं असेल.

शाळेचं आधी सांगते, म्हणजे पुढचं कळेल. संस्थेने हायवेच्या बाजूला नवी इमारत बांधली. पोरं, बाकं, फळे सगळं तिकडे गेलं आणि गावातली ही जुनी, काळ्या दगडाची, दुमजली शाळा कबुतरांना आंदण दिल्यासारखी बरीच वर्षं पडून राहिली. हातभर जाड भिंती, छत इतकं उंच की पंख्याला लांबलचक दांडी लावावी लागायची, समोर मोठा व्हरांडा, मधोमध जिना आणि जिन्यावर घंटेचा मनोरा. संस्थेतल्या बऱ्याच जणांचं म्हणणं होतं, पाडा आणि बिल्डरला द्या. सरांचं म्हणणं होतं, याच वर्गांची घरं करा. एसी न लावता मे काढता येईल असं घर आज सोलापुरात शोधून दाखवा, ते इथे तयार उभं आहे, फक्त त्याला न्हाणीघर आणि ओटा द्यायचाय.

अध्यक्षसाहेब दोन्ही बाजू ऐकून कंटाळले आणि त्यांनी तोड काढली. एक वर्ग घर करून दाखवा. पुढच्या मे महिन्यात सगळी कार्यकारिणी दुपारी त्यात बसेल. बसवलं तर शाळा राहील. नाही बसवलं तर जेसीबी येईल, आणि मग पुन्हा माझ्याकडे यायचं नाही.

तो एक वर्ग म्हणजे वरच्या मजल्यावरचा आठवी ‘ब’. आख्ख्या शाळेचा जीव त्या खोलीत अडकला होता आणि सरांचाही. मला वर्षभर काम मिळालं होतं, पण त्या माणसाने तर झोप सोडली होती. म्हणजे रात्रीची. दुपारची झोप हा कामाचा भाग होता.

कारण सर रोज दुपारी एका वर्गात झोपायचे. सोमवारी पाचवी ‘क’, मंगळवारी नववी ‘अ’, असं. चादर अंथरायची, पंचा तोंडावर टाकायचा आणि ताणून द्यायची. उठले की मला सांगायचे, “पश्चिमेची भिंत चारच्या पुढे चिडते. तिला बाहेरून सावली पाहिजे. वेल सोडा, नाहीतर बांबूचा पडदा लावा.” मी म्हणायचे, “सर, त्यासाठी मीटर मिळतात. भिंतीला लावला की आकडा दिसतो.” आमच्याकडे तसले मीटर होतेही, आकडे मी लिहून ठेवायचे, आणि सर ते बारकाईने बघायचेही. पण म्हणायचे, “आकड्याला घाम येत नाही. माणसाला येतो. दोघांनाही विचारायचं.”

लोकांना भेटल्यावर आपण विचारतो, जेवलात का, बरं आहे का. सर विचारायचे, “तुमचं घर किती वाजता तापतं?” भाजीवालीला विचारायचे, बँकेच्या मॅनेजरला विचारायचे. माझ्या मुलाच्या बारशाला आले, पाळण्यात डोकावले, पाच मिनिटं छताकडे बघितलं आणि माझ्या सासूबाईंना म्हणाले, “आजी, हा स्लॅब अकराला तापतो की बाराला?” सासूबाईंनी मला आत बोलावून विचारलं, “तुझे सर बरे आहेत ना गं?” आता बरे आहेत म्हणावं, तर काय सांगून म्हणावं! पण दुसऱ्या दिवशी सरांनी माणूस पाठवून आमच्या गच्चीवर चुन्याचे दोन हात दिले, वर पांढऱ्या फुटक्या फरशांचे तुकडे बसवून दिले. त्या उन्हाळ्यात सासूबाई दुपारी आतल्या खोलीत पडायला लागल्या आणि सरांबद्दल एक शब्द वाकडा ऐकून घेईनात.

एसीचं नाव काढलं की मात्र सरांचा पारा चढायचा. “एसी म्हणजे काय? आपला उकाडा उचलायचा आणि शेजाऱ्याच्या खिडकीत नेऊन टाकायचा. केर असा टाकला असता तर शेजारी झाडू घेऊन आला असता की नाही?” हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलंय की झोपेतही म्हणून दाखवीन. गंमत म्हणजे त्यांच्या स्वतःच्या घरी एसी होता. तिसऱ्या मजल्यावरचा भाड्याचा फ्लॅट, वर उघडी गच्ची, दुसरं करणार काय? मी एकदा टोचून बोलले, तर म्हणाले, “तो बायकोचा आहे. मी त्या खोलीत पाहुणा म्हणून जातो.”

आठवी ‘ब’चं काम वर्षभर चाललं. दगडी भिंतींवर मधल्या काळात कुणीतरी सिमेंटचा गिलावा आणि वर ऑइलपेंट चोपडला होता. तो खरवडून आतून चुन्याचा हात दिला. शाळेचे जुने शिपाई निवृत्त झाल्यावरही फाटकाजवळच्या खोलीत राखणीला राहिले होते, त्यांना आम्ही सगळे मामा म्हणायचो. ते रोज येऊन बघायचे आणि हळहळायचे. “आवं बाई, एवढा गुळगुळीत रंग होता. पोरांनी कितीबी शाई उडवली तरी पुसलं की झालं. काय म्हनून काढला?”

“मामा, भिंतीला श्वास घेता येत नव्हता,” मी सरांचंच वाक्य फेकलं.

“भिंत आन् श्वास!” मामा म्हणाले. “ऱ्हाऊ द्या, मला काय कळतंय.” पण सर दिसले की मामा अजूनही हेडमास्तर आल्यासारखे ताठ उभे राहायचे.

एका सभासदाने मध्येच फॉल्स सीलिंगची टूम काढली. खोली कशी आधुनिक दिसेल म्हणे. सर त्या गृहस्थांना म्हणाले, “गरम हवा वर जाऊन बसते आणि माणूस खाली बसतो. सासूला आणि सुनेला वेगवेगळ्या खोल्या दिल्यात तर घर चालतं. तुम्ही दोघींना एका खोलीत कोंडताय.” हे वाक्य काही मी माझ्या घरी सांगितलं नाही. त्याच उंचीत सरांनी एका कोपऱ्यात झोपायला माळा काढला, खाली स्वयंपाकघर बसवलं, आणि बाकीचं छत होतं तसं मोकळं ठेवलं. गच्चीवर सोलरच्या पाट्या बसवल्या, त्यावर पाण्याचा पंप आणि जिन्याचे दिवे चालायचे. ते सगळं छान होतं, पण खरी कळ वेगळीच होती.

शाळेच्या मागे कडुलिंबाची जुनी झाडं आहेत आणि एक आड. त्या आडाच्या पाण्याने मागचं शहाबादी अंगण सकाळ-दुपार ओलं करायचं. ती गार हवा भिंतीतल्या एका जुन्या, बुजवलेल्या पोकळीतून वर खोलीत घ्यायची, अगदी जमिनीलगत. खोलीतली गरम हवा वरच्या झरोक्यांतून जिन्यात सोडायची आणि जिन्यातून घंटेच्या मनोऱ्यात. मनोऱ्याचं टोक सरांनी उघडं केलं आणि आतून काळा पत्रा लावला. तो उन्हाने तापला की हवा वर खेचली जाते. पंखा नाही, मोटार नाही. गवंडी हसायला लागले तेव्हा सर म्हणाले, “सोलापुरात जन्म घेतलात आणि धुराडं काय करतं ते मी सांगू? गिरण्या बंद पडल्या म्हणून अक्कलही बंद पाडली काय?”

त्या मागच्या अंगणात पाणी मारताना एकदा मी सहज विचारलं, “सर, तुम्ही याच शाळेत होता ना?” सगळ्यांचा तोच समज होता.

“छे,” ते म्हणाले. “मी म्युनिसिपालटीच्या शाळेत. आमचं घर या भिंतीच्या पलीकडे होतं. पत्र्याचं. आत माग. उन्हाळ्यात दुपारी आत थांबणं शक्य नसायचं. आई विड्यांचं सूप घेऊन बाहेर यायची आणि या भिंतीला पाठ लावून बसायची. मी तिच्या शेजारी. ती विड्या वळायची. भिंत गार असायची. आत शाळेला सुट्टी, सगळे वर्ग रिकामे. पण आत या म्हणून आम्हाला कुणी म्हटलं नाही.” मग माझ्या हातातला पाइप दुसऱ्या कोपऱ्याकडे वळवत म्हणाले, “ही भिंत बाहेरून माझ्या ओळखीची. आतून आत्ता ओळख होतेय.”

मी पाइप एकाच जागी धरून राहिले. सरांनी मात्र लगेच, पाणी वाया घालवलं म्हणून मला झापलं. आमच्याकडे नळाला चार-चार दिवस पाणी नसतं, त्यामुळे त्यांचं बरोबरच होतं.

आणि मे आला. कार्यकारिणी यायचा दिवस ठरला. सरांनी सकाळपासून काही खाल्लं नव्हतं. आम्ही आठवी ‘ब’त भिंतींच्या कडेने गाद्या टाकल्या, माठ ठेवला. मामांना सरांनी बजावलं, “पाहुण्यांचा पाहुणचार नीट झाला पाहिजे.” हे एक वाक्य पुढे आम्हाला भोवलं.

मंडळी आली. सगळी साठीच्या पुढची, दोघांना बीपी, एकाचे गुडघे गेलेले. अध्यक्षसाहेब तर घामाने निथळत जिना चढले. सरांनी एकेकाला हात धरून खाली बसवलं. “पाठ लावा. टेका. आता कुणी बोलायचं नाही.” एवढी मोठमोठी माणसं, आयुष्यभर दुसऱ्यांना गप्प बसवलेली, पण बसली बिचारी. थोड्या वेळाने अध्यक्षांनी रुमाल खिशात ठेवला. बीपीवाल्या एकाने पाय पसरले. मी दारात उभी राहून बघत होते, आणि जमत होतं. खरंच जमत होतं!

तेवढ्यात मला तापलेल्या तेलाचा वास आला.

पाठोपाठ एक ठसका. मग दुसरा. मग आख्खी कार्यकारिणी खोकायला लागली. डोळ्यांतून पाणी, नाकातून पाणी, गुडघेवाले गृहस्थ उठताना दोनदा खाली बसले. अध्यक्षसाहेब ओरडले, “हे काय चाललंय? मिरचीची धुरी देताय काय आम्हाला?”

मी जिन्यावरून खाली धावले. मागच्या अंगणात मामांनी आचारी आणून बसवला होता! मोठी भट्टी पेटलेली, शेजारी पुरणाचं पातेलं, मिरचीच्या भज्यांची परात, आणि आचाऱ्याने नुकतीच आमटीला वाटीभर काळं तिखट घालून फोडणी दिलेली. आणि भट्टी कुठे? तर बरोब्बर त्या पोकळीच्या तोंडाशी, जिथून वर हवा जाते!

“मामा! हे काय करून ठेवलंत?”

“काय झालं?” मामा घाबरले. “अध्यक्षसायेब येनार म्हनून कटाची आमटी सांगितली. रीत हाय की आपली.”

“पण इथे? इथे का?”

आचाऱ्याने झारा खाली ठेवला. “बाई, सगळ्या शाळंत हितंच गार हाय. मग काय म्होरं उन्हात बसून तळू व्हय?”

बरोबर आहे. कुठल्याही सोलापूरच्या माणसाने भट्टी तिथेच मांडली असती. मी मांडली असती. पण मला तेव्हा रडू फुटायचं बाकी होतं. एका वर्षाचं काम आमटीत बुडालं, असंच मी धरून चालले. वर गेले तर सर काय करत होते? नाचत होते. शब्दशः. डोळे लाल, पाणी गळतंय, आणि हा माणूस टाळ्या वाजवून ओरडतोय, “आली! आली! खालची हवा वर आली!”

अध्यक्षांनी माझ्याकडे बघितलं. ती नजर मी विसरणार नाही. याला घरी पोचवा, असं ती म्हणत होती.

सरांनी त्यांचा हात धरला. “साहेब, खाली फोडणी पडली आणि तुम्ही इथे खोकलात. मध्ये किती वेळ गेला? पंखा दाखवा मला कुठे आहे तो. मोटार दाखवा. मग तिखट काय जिना चढून आलं?”

“सोडा हात,” अध्यक्ष म्हणाले आणि तरातरा खाली उतरले. बाकीचेही मागे. मला वाटलं, संपलं. फाटकापर्यंत गेल्यावर अध्यक्ष गाडीत बसण्याआधी एकदा मागे वळले आणि तिथेच थांबले. मीही वर बघितलं. घंटेच्या मनोऱ्यातून निळसर धूर सरळ आभाळात चालला होता. वारा असा नव्हताच. अध्यक्ष स्वतः गिरणी कामगाराचे चिरंजीव. भर उन्हात, डोक्यावर काही न घेता, ते त्या धुराकडे बघत राहिले.

“भट्टी विझवा,” ते मामांना म्हणाले. मग एकटेच परत वर गेले. आम्ही सगळे व्हरांड्यात उभे. कुणाची आत जायची छाती होईना. बऱ्याच वेळाने गुडघेवाले गृहस्थ म्हणाले, “बघा तरी काय झालं ते.” मी दार ढकललं. तिखटाचा मागमूस नव्हता. अध्यक्षसाहेब भिंतीला टेकून, तोंड उघडं टाकून, गाढ झोपले होते.

शाळा राहिली. पण जाताना अध्यक्षांनी सरांना बाजूला घेतलं. “मला एक दुपार झोप लागली, मान्य. लोकांना इथे राहायचंय. उद्या प्रत्येकाने एसी मागितला आणि भिंतींची चाळण झाली, तर शाळा ठेवून काय उपयोग?”

सर म्हणाले, “राहायला आले की पहिला मे महिना एसीशिवाय काढायचा, एवढीच अट घाला. त्यानंतर कुणी मागितला तर भिंतीला भोक मी स्वतःच्या हाताने पाडीन.”

मी कपाळावर हात मारला. माणसाने जिंकल्यावर गप्प बसावं की नाही?

सगळे वर्ग घरं झाले. दारांवरच्या लाकडी पाट्या सरांनी काढू दिल्या नाहीत, त्यामुळे लोकांचा पत्ताच तो झाला. इकडे निम्मं गाव याच शाळेत शिकलेलं, मग काय विचारता! एक गृहस्थ नववी ‘अ’ बघून पसंत करून गेले, दुसऱ्या दिवशी बायकोला पाठवलं. ती म्हणाली, “हवा चांगली आहे, उजेड चांगला आहे, पण ह्यांनी नववी दोनदा केलीय. आता जन्मभर नववीत नको म्हणतात. दहावी शिल्लक आहे का?” दहावी होती. त्यांना दिली.

सहावी ‘अ’ घेतली एका सिस्टरबाईंनी. सरकारी दवाखान्यातून निवृत्त झालेल्या, एकट्या, तोंडाने फटकळ. आल्या त्या दिवशी त्यांनी बुद्धाची मूर्ती मांडली आणि दुसरं काम म्हणजे आम्हाला बोलावून घेतलं. “एसी कुठं बसवायचा ते आत्ताच सांगा.”

सरांनी अट सांगितली. बाई उसळल्या. “अट तुमच्यापाशी ठेवा. आयुष्यभर नाइट ड्युट्या केल्यात मी. दिवसा झोपायचं ते पत्र्याखाली. कधी झोपलेच नाही म्हणा ना. ओल्या चादरी गुंडाळून पडायचे, त्या पण वाळायच्या. निवृत्त झाल्यावर मला एकच गोष्ट पाहिजे, दुपारची झोप. ती मिळाली नाही तर मी तुमच्या घरी येऊन झोपेन.”

त्यांच्यापुढे सरांची तेलुगूही बंद पडली. मग हळूच म्हणाले, “एक मे महिना. फक्त एक महिना थांबा, बाई.”

“बघते,” त्या म्हणाल्या. पण दुकानात एसी बघून ठेवला होता, आणि बाकीच्या तीन-चार घरांनाही त्यांनी आपल्या बाजूला वळवलं होतं. मे संपला की सगळ्यांचे एसी एकदम. सरांना हे कळलं. त्यांनी हातोडा आणि छिन्नी आणून ऑफिसात ठेवली. शब्द दिलाय म्हणाले.

त्या मेमध्ये सर रोज दुपारी शाळेसमोरच्या रसवंतीवर येऊन बसायचे. आत जायचे नाहीत. लोकांना वाटेल, तपासायला आलेत. मीही अधूनमधून सोबत असायचे. पलीकडच्या गल्लीत माझं नवं काम चालू होतं. एका दुपारी मोठा आवाज झाला आणि कुठलासा ट्रान्सफॉर्मर उडाला. आख्ख्या भागाची लाईट गेली. रसवंतीचं चाक थांबलं. आणि थोड्याच वेळात आजूबाजूच्या इमारतींतून माणसं खाली यायला लागली. बनियनवरचे बाप्ये, पुठ्ठ्याने वारा घेणाऱ्या बायका, रडणारी पोरं, एका म्हाताऱ्याला तर खुर्चीसकट उचलून जिन्याखालच्या सावलीत आणून ठेवलं. रस्त्यावर जत्रा भरली. जो तो वायरमनच्या नावाने शिव्या घालत होता.

शाळेतून कुणी आलं नाही.

आम्ही बघत राहिलो. फाटक उघडं, व्हरांडा रिकामा. सर उभे राहिले. “इंजिनिअरबाई, कुणी बाहेर का येत नाही?”

“येतील की,” मी म्हणाले.

आणखी वेळ गेला. सरांचा चेहरा उतरला. “म्हातारी माणसं आहेत आत. कुणाला काही झालं तर नाही ना? चला.” आणि ते जवळजवळ पळतच निघाले. मी मागे. जिना चढून त्यांनी सहावी ‘अ’चं दार वाजवलं. उत्तर नाही. पुन्हा वाजवलं. उत्तर नाही. मग दोन्ही हातांनी बडवायला लागले.

दार उघडलं. सिस्टरबाई. केस मोकळे, गालावर उशीच्या वळ्या, डोळे अर्धे मिटलेले. “काय झालं? कुणाला काय झालं?” नर्सच ती, झोपेतही तेच विचारलं.

“लाईट गेलीय,” सर धापा टाकत म्हणाले.

“लाईट?” त्यांनी वर पंख्याकडे बघितलं. पंख्याचं बटण बंदच होतं. “कधी?”

“मघाशीच. बराच वेळ झाला.”

“मग?” बाई आता पूर्ण जाग्या झाल्या आणि भडकल्या. “लाईट गेली म्हणून झोपलेल्या माणसाला उठवतात होय? काय वय आहे का तुमचं असले खेळ करायचं? कधी नव्हे ते डोळ्याला डोळा लागला होता, सर!”

सरांनी हात जोडले. “चुकलं माझं. झोपा तुम्ही. झोपा बाई, झोपा.” त्यांनी स्वतःच दार ओढून घेतलं, कडीचा आवाज होऊ नये म्हणून तिला बोटाने धरून.

मग त्यांनी चपला काढल्या, हातात घेतल्या आणि मलाही काढायची खूण केली. आम्ही दोघं चोरासारखे चवड्यांवर जिना उतरलो. सरांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायचं त्यांना सुचत नव्हतं. चपला घालायचंही सुचलं नाही. तसेच फाटकाबाहेर पडले आणि तापलेल्या डांबरावर पाय पडताच “अयाई गं!” करून उडाले. सगळा रस्ता हसायला लागला. पोरं टाळ्या पिटायला लागली. रसवंतीवाला ओरडला, “काय झालं वो सायेब, पाय भाजलं का?”

सर एका पायावर नाचत, चपलांचा हात हलवत त्या सगळ्या गर्दीला म्हणाले, “अरे, हळू बोला की! आत माणसं झोपलीत.”